पोटरीचं माप आणि साबुदाण्याची वीण

थंडीच्या देशात शिकायला गेलं की पहिल्याच ऑटममध्ये कळतं, जॅकेट कितीही जाड असलं तरी वारा बुटातून आत शिरतो. त्यावरचा उपाय म्हणजे लोकरीचे बूट टॉपर. तीन-चार संध्याकाळींत विणून होणारे, दिसायला भारी आणि स्वतःच्या पायाच्या मापाचे!

बूट मी बारा डॉलरला घेतले होते. जुन्या वस्तूंच्या दुकानातून, म्हणजे इथल्या भाषेत ‘थ्रिफ्ट स्टोअर’मधून. तपकिरी, लेदरचे, गुडघ्याच्या चार बोटं खाली येणारे. आरशात बघितलं तर एकदम कडक लुक. मॅडिसन शहरातला माझा पहिला ऑक्टोबर होता. मेपलची झाडं लालभडक झाली होती, इन्स्टासाठी फोटो काढून झाले होते आणि सकाळी आठच्या क्लाससाठी मी ते बूट घालून ऐटीत बाहेर पडले.

दहाव्या मिनिटाला सगळी ऐट उतरली. बूट पावलाला फिट होते, पण त्यांचं तोंड पसरट. पोटरी आणि लेदर यांच्यामध्ये एक बोट सहज जाईल एवढी फट. मेंडोटा तळ्यावरून येणारा वारा त्या फटीतून सरळ घोट्यापर्यंत! वर दोन थर, गळ्यात मफलर, हातात मोजे आणि पाय मात्र फ्रिजमध्ये ठेवल्यासारखे. जाड मोजे घालून बघितले, तर पाऊल बुटात शिरेना.

आमच्याच क्लासमधल्या एका मुलीच्या बुटांमधून जाडसर विणलेली लोकरीची पट्टी बाहेर डोकावत होती. मला वाटलं, गुडघ्यापर्यंतचे मोजे असतील. तिने हसत बूट काढून दाखवला. आत नेहमीचा पातळ मोजा, आणि पोटरीवर फक्त सात इंची लोकरीची नळी. अर्धी बुटाच्या आत, अर्धी बाहेर दुमडलेली. ‘बूट टॉपर’. कुणी ‘बूट कफ’ही म्हणतं. ऐंशीच्या दशकात ‘फेम’ आणि ‘फ्लॅशडान्स’ या सिनेमांमुळे डान्सर्सचे लेगवॉर्मर्स जगभर पोचले. टॉपर म्हणजे त्यांचीच आखूड बहीण. पावलाला काहीच नाही, त्यामुळे बूट घट्ट होत नाही. फट मात्र बंद.

दुकानातली किंमत बघून मी जोडी परत जागेवर ठेवली. स्टुडंट व्हिसावर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास कॅम्पसवर काम करता येतं. त्या पैशात किराणा बसवायचा की पोटरीची फॅशन? तेव्हा आठवली आजी.

आणि आजी आठवली तशी पोटात एक बारीक कळही आली.

सुटकेसमध्ये न बसलेला स्वेटर

ऑगस्टमध्ये निघताना आजीने तिचा विणलेला स्वेटर माझ्या बॅगेत ठेवला होता. राणी कलरचा, समोर दोन वेण्या. मी बारावीत असताना विणलेला. त्यानंतर तिच्या बोटांच्या सांध्यांनी संप पुकारला आणि सुया कपाटात गेल्या. म्हणजे तो तिचा शेवटचा स्वेटर. नाशिकच्या घरी रात्री अकरा वाजता वजनकाट्यावर बॅग चढवली, तर पावणेदोन किलो जास्त. कुकर काढायचा की चकलीचं भाजणीपीठ, यावर घरात चर्चासत्र झालं. शेवटी मी कुणाला न सांगता स्वेटर काढला आणि कपाटात ठेवला. खरं कारण वजन नव्हतंच. मला वाटलं होतं, तिकडे हे कोण घालतं?

आजीने एका शब्दाने विचारलं नव्हतं. पण कपाट तिचंच होतं. तिला कळलं नसेल, असं थोडंच आहे?

तर व्हिडीओ कॉल लावला. “आजी, मला विणायला शिकव ना.” पलीकडे दोन सेकंद शांतता. मग, “काय विणायचंय?” मी फोटो दाखवला. “हे होय! बुटाला मफलर,” म्हणाली. “साठ टाके घाल. दहा नंबरच्या सुया आण. दोन सुलट, दोन उलट. झालं.”

शाळेच्या सुट्टीत तिने मला सुलट-उलट शिकवलं होतं, ते हाताला आठवत होतं. मी दुकानात गेले, दहा नंबरच्या सुया आणि मध्यम जाडीची लोकर आणली आणि विणायला बसले. तिसऱ्या दिवशी जे तयार झालं, ते पोटरीवर चढवलं की घसरून घोट्याशी गोळा व्हायचं. वीण एवढी सैल की आरपार दिसत होतं. रूममेट म्हणाली, “मासे पकडायचेत का?”

दहा नंबर म्हणजे नक्की किती?

चूक ना आजीची होती, ना माझी. भारतात विणकामाच्या सुयांना जुने ब्रिटिश नंबर चालतात. त्यात नंबर जेवढा मोठा, सुई तेवढी बारीक. आपली दहा नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची. अमेरिकेत नेमकं उलटं. इथे नंबर मोठा तशी सुई जाड, आणि दहा नंबर म्हणजे सहा मिलिमीटर! आजीचे साठ टाके तिच्या बारीक सुयांवर, तिच्या नेहमीच्या लोकरीत अगदी बरोबर बसले असते. माझ्या सुयांवर त्यांचा वेगळाच घेर झाला.

म्हणून पहिला धडा : नंबरावर जाऊ नका, मिलिमीटर बघा. सुईवर किंवा पाकिटावर तो आकडा बहुतेक वेळा असतोच.

दुसरा धडा लायब्ररीत मिळाला. विणकामाच्या रॅकवर एलिझाबेथ झिमरमन या बाईंचं ‘निटिंग विदाऊट टिअर्स’ हे १९७१ सालचं पुस्तक होतं. बाई मूळच्या इंग्लंडच्या, जन्म १९१०चा. नवरा जर्मन. दोघं अमेरिकेत आले आणि पुढे याच विस्कॉन्सिन राज्यात स्थायिक झाले, तेही शाळेच्या एका जुन्या इमारतीत. बाईंनी टीव्हीवर विणकाम शिकवलं, १९५९मध्ये ‘स्कूलहाऊस प्रेस’ सुरू केली आणि अमेरिकेतल्या विणणाऱ्या बायकांना छापील नमुन्यांच्या धाकातून बाहेर काढलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की दुसऱ्याने लिहिलेली टाक्यांची संख्या आंधळेपणाने पाळू नका. तुमचा हात, तुमची सुई आणि तुमची लोकर मिळून एका इंचात किती टाके बसतात ते मोजा, आणि त्याला हव्या त्या इंचांनी गुणा. बस्स. पूर्ण स्वेटरचे टाकेसुद्धा त्या एका आकड्याच्या टक्केवारीत काढायच्या.

बारावीपर्यंत गणिताला शिव्या घालणाऱ्या माझ्यासारखीला हे पटायला पाच मिनिटं लागली. डिझाइन म्हणजे कुणीतरी प्रतिभावान माणसाने करायची गोष्ट, असं मला वाटायचं. इथे तर चौथीचा गुणाकार होता! रात्री आजीला सांगितलं, तर ती म्हणाली, “मग? मी काय पुस्तक बघून विणायचे? आधी छोटा चौकोन विणून बघायचा असतो. मला वाटलं, तेवढं तुला ठाऊक असेल.”

चला, माप घेऊ

सहा मिलिमीटरच्या सुया होत्याच. त्यांना शोभेल अशी जाड लोकर आणली. इथे लोकरीच्या लेबलवर जाडीचा आकडा असतो, शून्यापासून सातपर्यंत. शून्य म्हणजे जाळीसारख्या कामाची अगदी बारीक, चार म्हणजे मध्यम, पाच म्हणजे जाड. पटकन विणून व्हायला हवं तर पाच नंबर घ्या. टाके मोठे, ओळी कमी, काम लवकर.

वीस टाके घालून पाच इंचांचा चौकोन विणला. धुतला, सुकवला (टॉपरही धुवावे लागणारच आहेत!) आणि मधल्या चार इंचांत टाके मोजले. चौदा. म्हणजे इंचाला साडेतीन टाके. कडेचे टाके मोजायचे नाहीत, ते वेडेवाकडे असतात.

मग बूट घालून, बुटाचं तोंड येतं तिथे पोटरीचं माप घेतलं. १३ इंच. पण १३ इंचांची नळी विणली तर ती घसरणार. लोकर ताणली जाते, म्हणून माप पायापेक्षा थोडं कमी हवं. दीड इंच कमी केला. ११.५ गुणिले ३.५ म्हणजे ४०.२५. दोन सुलट, दोन उलट विणायचं तर चारने भाग जाणारी संख्या हवी, म्हणून ४०. कडा जोडताना दोन्ही बाजूंचा एकेक टाका शिवणीत जातो, त्याचे दोन. एकूण ४२. आजीचे साठ, माझे बेचाळीस आणि दोघीही बरोबर!

ही ‘दोन सुलट, दोन उलट’ची पट्टी आत का घालायची? सुलट टाक्यांच्या उभ्या रेषा पुढे येतात, उलट टाक्यांच्या मागे जातात. त्यामुळे कापडाला पेटीच्या भात्यासारख्या घड्या पडतात. ओढलं की ताणतं, सोडलं की परत मिटतं. म्हणून ती पोटरीला धरून राहते. स्वेटरच्या मनगटाला आणि कमरेला हीच वीण असते, ती याच कामासाठी.

लोकर ऊब कशी देते, तेही सांगते. मेंढीच्या लोकरीचे तंतू कुरळे असतात. त्यांच्यात हवा अडकून बसते आणि ती थांबलेली हवाच ऊब टिकवते. शिवाय लोकर पाण्याची वाफ शोषून घेते, तरी हाताला ओली लागत नाही. अ‍ॅक्रिलिक स्वस्त आणि मशीनमध्ये धुता येणारं, पण घाम शोषत नाही. खरी लोकर गरम पाण्यात घुसळली तर आटून घट्ट होते, म्हणून ती गार पाण्यात, हाताने. टोचत असेल तर मेरिनो बघा किंवा लोकर आणि अ‍ॅक्रिलिकचं मिश्रण घ्या. मी मिश्रणच घेतलं, बजेट!

उलटी वेणी

आता डिझाइन. मला आजीच्या स्वेटरसारखी वेणी हवी होती. खरं सांगायचं तर थोडा अपराधीपणाही होता त्यात. पट्टी विणून झाली, वर चार इंच वेणी घातली, मान मोडेस्तोवर मोजून. शिवलं, घातलं, बुटावर दुमडलं आणि वेणी गायब! दुमडल्यावर आतली बाजू बाहेर येते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. जगाला दिसत होती वेणीची पाठ.

शिवाय वेणीने कापड आखडतं. बुटाच्या तोंडाचा घेर होता १६ इंच, त्यावर ते कसंबसं ताणून बसत होतं.

कॉलवर आजी हसून हसून रडली. मग म्हणाली, “दोन्हीकडून सारखी दिसणारी वीण घे की. साबुदाणा घाल.”

साबुदाण्याची वीण म्हणजे एक सुलट, एक उलट आणि पुढच्या ओळीत बरोबर उलटं. सुलट दिसतो त्यावर उलट, उलट दिसतो त्यावर सुलट. पृष्ठभागावर भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दाणे उठतात आणि दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. दुमडा, उलटवा, काहीही करा. जाड, मऊ, कडेला गुंडाळी न होणारी. नवशिक्यांना याहून चांगली वीण नाही. वेणी उसवली, लोकर गुंड्यावर परत गुंडाळली. विणकामातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. चूक झाली तर लोकर वाया जात नाही. असाइनमेंटचं असं असतं तर!

टॉपरची रेसिपी

हे माझं माप. तुमचा चौकोन वेगळं सांगत असेल, तर आकडे बदला, कृती तीच ठेवा.

साहित्य : पाच नंबरची जाड लोकर १०० ग्रॅमचे दोन गुंडे (एका गुंड्यात जोडी जेमतेम होते, शेवटच्या दहा ओळींना धडधड नको), ६ मिमीच्या दोन सरळ सुया, मोठ्या नेढ्याची बोथट सुई, मेजरटेप.

१. सैल हाताने ४२ टाके घाला. घट्ट घातलेत तर पाय आत जाणार नाही.

२. पहिली ओळ : २ सुलट, २ उलट, शेवटी २ सुलट. दुसरी ओळ : २ उलट, २ सुलट, शेवटी २ उलट. थोडक्यात, टाका जसा दिसतो तसा विणा. अशा १६ ओळी, साधारण तीन इंच. हा भाग बुटाच्या आत जाणार.

३. पुढची ओळ सुलट विणा आणि दर ४ टाक्यांनंतर १ टाका वाढवा. असं १० वेळा. उरलेले २ तसेच विणा. आता सुईवर ५२ टाके. बुटाचं तोंड पोटरीपेक्षा मोठं असतं, ही वाढ त्यासाठी.

४. साबुदाणा : एक ओळ ‘१ सुलट, १ उलट’, पुढची ‘१ उलट, १ सुलट’. चार इंच होईपर्यंत, साधारण २० ओळी.

५. टाके सैल बंद करा. हात घट्ट असेल तर बंद करायला एक साइज जाड सुई वापरा.

६. कडा जोडून शिवा. शिवण पायाच्या मागच्या बाजूला येऊ द्या.

७. दुसरा टॉपर लगेच सुरू करा! ‘नंतर करू’ म्हणालात की एकाच पायाचा टॉपर घेऊन बसाल.

मी टाके मोजले. एका टॉपरमध्ये साधारण सतराशे. मिनिटाला दहा टाके या कासवगतीनेही तीन तासांच्या आत एक. स्वेटरचे टाके हजारोंनी असतात, हातात घेतला की सेमिस्टर संपतं.

थोडे जुगाड

लोकर विकत घ्यायची नसेल तर थ्रिफ्ट स्टोअरमधला जुना, मोठा स्वेटर घ्या आणि उसवा. आपल्या आज्या हेच करायच्या. मोठ्याचा स्वेटर उसवून, लोकर धुऊन, धाकट्याचा विणायचा. घेण्याआधी आतली शिवण बघा. दोन तुकडे टाके जुळवून शिवले असतील तर लोकर सलग निघते. कापून, मशीनवर ओव्हरलॉक केलं असेल तर प्रत्येक ओळीचा वेगळा तुकडा हातात येईल. तो स्वेटर तसाच सोडा. किंवा त्याच्या बाह्याच कापा, कड शिवा, दहा मिनिटांत टॉपर तयार. विणणाऱ्यांनी मला माफ करावं!

लोकर नवीन घेत असाल तर दोन्ही गुंड्यांच्या लेबलवरचा डाय लॉट नंबर सारखा आहे ना, ते बघा. वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या लोकरीत छटा बदलते. दुकानातल्या दिव्यात कळत नाही, उन्हात कळते.

रंग? तपकिरी बुटांवर मोहरी किंवा विटकरी, काळ्यावर करडा किंवा मरून. आता पुण्या-मुंबईत हे घालून कॉलेजला जाऊ नका, घाम फुटेल. पण हिमाचलच्या ट्रिपला आणि पुढच्या वर्षी थंडीच्या देशात शिकायला निघालेल्यांना माझा सल्ला आहे. एक जोडी सुया आणि एक गुंडा चेक-इन बॅगेत टाका. वजन चकलीच्या पिठापेक्षा कमी भरतं.

पहिल्या सेमिस्टरमध्ये काहीच पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही. रिसर्च पेपर अर्धा, प्रोजेक्ट अर्धवट, मैत्रीसुद्धा ‘हाय-बाय’वर अडकलेली. त्या दिवसांत माझ्या हातून सुरू होऊन संपलेली पहिली गोष्ट म्हणजे हे दोन टॉपर. ते घालून मी तळ्याकाठच्या रस्त्याने क्लासला गेले. वारा तोच होता. फट मात्र बंद झाली होती.

त्या रात्री आजीला दाखवले. तिने चष्मा पुढे-मागे करत दाणे तपासले. “शेवटच्या चार ओळी घट्ट झाल्यात. घाईत होतीस,” म्हणाली. होते. मग मी धीर करून सांगितलं, “आजी, तो राणी कलरचा स्वेटर... मी मुद्दाम ठेवून आले होते.”

“माहितीये. डांबराच्या गोळ्या टाकून ठेवलाय. डिसेंबरात ये, तेव्हा घेऊन जा,” ती म्हणाली. आणि विषय बदलावा तसं, “हे गं, हे गुडघ्यावर बसेल का माझ्या? नाशिकच्या थंडीत फार दुखतात.”

मी तिला दोरी आणायला सांगितली. गुडघ्याभोवती गुंडाळायची, खूण करायची आणि पट्टीवर मोजायची. पंधरा इंच. उणे दीड. गुणिले साडेतीन. सत्तेचाळीस पूर्णांक पंचवीस. चारने भाग जायला अठ्ठेचाळीस, शिवणीचे दोन.

आजी, तुझे पन्नास टाके. सैल हाताने घातलेत.